पहिला लॉक पिक सेट घेताय? आधी कुलूप बघा, मग पिक

माझा पहिला लॉक पिक सेट, म्हणजे चावीशिवाय कुलूप उघडायच्या पट्ट्यांचा संच, चोवीस तुकड्यांचा होता. काळ्या रेक्झिनचं पाकीट, त्यात ओळीने खोचलेल्या पट्ट्या, आणि वर एक पारदर्शक प्लास्टिकचं कुलूप फुकट. जुलै महिना, गोव्यात डिचोलीला धो धो पाऊस, लाइट गेलेली, करायला काही नाही, म्हणून मोबाईलवर बघता बघता ऑर्डर मारून टाकली. पारदर्शक कुलूप दहा मिनिटांत उघडलं आणि मी स्वतःला मोठा उस्ताद समजायला लागलो. मग घराच्या मागच्या खोलीचं जुनं काढून ठेवलेलं कुलूप घेऊन बसलो आणि तीन दिवस नुसता बसूनच राहिलो. शेवटी कळलं की ते लिव्हरचं, म्हणजे आत पिनऐवजी चावीने उचलले जाणारे चपटे पत्रे असलेलं कुलूप आहे आणि माझ्या चोवीसच्या चोवीस पट्ट्या पिनवाल्या कुलपांसाठी आहेत, म्हणजे इडलीच्या भांड्यात भाकरी भाजायला निघालेलो मी. त्या चोवीसमधले एकवीस तुकडे आजही कोरे आहेत, एक मोडला, आणि दोन मी अजून वापरतो.

म्हणून आधी कुठलं कुलूप उघडायला शिकणार ते ठरवा आणि मग त्याच्या मापाचे मोजकेच तुकडे घ्या. बहुतेक लोक, माझ्यासकट, उलटं करतात.

हात लावण्याआधी दोन गोष्टी

या छंदात जगभर दोन नियम पाळतात. एक, जे कुलूप आपलं नाही त्याला मालकाने स्पष्ट हो म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही. दोन, जे कुलूप रोजच्या वापरात आहे ते उघडायला बसायचं नाही, मग ते आपलं स्वतःचं का असेना. जर्मनीत १९९७ साली हॅम्बर्गला या छंदाचा रीतसर क्लब निघाला, तिथे स्पर्धासुद्धा होतात, म्हणजे हा खेळ म्हणूनच बघितला जातो आणि हे नियम आहेत म्हणूनच तो खेळ राहतो.

पहिल्या नियमाचं कारण सांगायला नको. दुसऱ्याचं लोकांना पटत नाही, तर ऐका. माझ्या एका मित्राने पर्वरीच्या भाड्याच्या फ्लॅटचा मेन डोअर रविवारी संध्याकाळी सरावाला घेतला. उघडला, अगदी मस्त उघडला, पण आनंदात त्याने आतला गोल भाग अर्धा फेरा फिरवून उलटा केला. उलटा झाला की चावीच्या भोकाची मोकळी बाजू वर येते आणि वरच्या पिन, स्प्रिंग त्यात टपकतात. मग ना चावी आत जाते ना तो भाग परत फिरतो. रात्री चावीवाला, वर घरमालकाचा फोन, वर कुलपाच्या नवीन सिलिंडरचा खर्च.

आणि पिक घरी टेबलावर असणं वेगळं, रात्री खिशात घेऊन फिरणं वेगळं. पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडून बांद्याकडे गेलात की महाराष्ट्र पोलीस कायदा लागू होतो आणि त्याच्या कलम १२२ मध्ये स्पष्ट आहे की सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं हत्यार जवळ सापडलं तर ते का बाळगलं याचं योग्य कारण आपणच सिद्ध करायचं असतं. गोव्यातही रात्री नाक्यावरच्या पोलिसाला 'हा माझा छंद आहे' हे पटवत बसायची वेळ का आणायची? सेट घरात ठेवा. मित्राकडे न्यायचा असेल तर दिवसा, सरावाच्या कुलपांसकट एकाच डब्यात न्या. विमानात हातातल्या बॅगेत नकोच, चेक-इन सामानात टाका. शेजाऱ्यांना पण आधीच सांगून ठेवा. आमच्या शेजारच्या काकींनी मला बाल्कनीत कुलूप खुडबुडताना बघून सरळ विचारलं, 'कितें रे, चोर जावपाचो विचार आसा?' आता त्याच त्यांची गंजलेली कुलपं मला आणून देतात.

हे उघडतं कसं, थोडक्यात

पिन टम्बलर म्हणजे आजच्या बहुतेक दातेरी चावीच्या कुलपांची आतली रचना. कल्पना जुनी आहे, प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी पिनांची कुलपं होती, पण आपण वापरतो तो छोटा धातूचा प्रकार १८६० च्या दशकात अमेरिकेत लायनस येल ज्युनियर याने पक्का केला. आत एक फिरणारा गोल भाग असतो, त्याला प्लग म्हणतात. त्यात चार-पाच भोकं, प्रत्येक भोकात खाली एक पिन, वर एक पिन, त्यावर स्प्रिंग. वरच्या पिन अर्ध्या बाहेर, अर्ध्या प्लगमध्ये अडकलेल्या असतात म्हणून तो फिरत नाही. बरोबर चावी घातली की सगळ्या जोड्यांची फट एका रेषेत येते, तिला शिअर लाइन म्हणतात, आणि प्लग फिरतो.

आता कारखान्यात ती भोकं कितीही नीट पाडली तरी एका सरळ रेषेत शंभर टक्के पडत नाहीत, केसभर इकडेतिकडे होतातच. म्हणून प्लगवर हलका पीळ दिला की सगळ्या पिन एकदम अडकत नाहीत, एकच आधी अडकते. ती उचलायची, ती बारीक 'टिक' करून बसते, मग पुढची अडकते. सगळा छंद या केसभर चुकीवर उभा आहे. पीळ देतो तो टेन्शन रेंच आणि पिन उचलतो तो पिक, आणि तो पीळ बोटांना कळला पाहिजे म्हणून सेटची क्वालिटी महत्त्वाची, दिसायला चकचकीत आहे म्हणून नाही.

घरातली कुलपं टेबलावर मांडा

पाकिटं, चाव्या, जुनी कुलपं, जे काय असेल ते काढा. आता चाव्या बघा, कुलपं नाही. चावी खोटं बोलत नाही.

चावीच्या एका कडेला करवतीसारखे दाते असतील आणि पात्याच्या बाजूंना लांब खाचा असतील तर पिन टम्बलर. हे आपलं काम. भोकात टॉर्च मारलात तर पहिली पिन पितळेची चमकताना दिसते.

चावीच्या टोकालाच पायऱ्या कापलेल्या असतील, किंवा पॅकिंगवर '६ लिव्हर', '७ लिव्हर' असं छापलेलं असेल तर लिव्हर. आपल्याकडे गेटला, गोदामाला, दुकानाच्या शटरला लटकणारी कुलपं बघा, त्यातली कितीतरी याच जातीची निघतील. गोदरेजची सुरुवातच १८९७ साली कुलपांपासून झाली आणि त्यांचं नवताल हे कुलूप लिव्हरचंच. अलिगडची कुलपंही यात भरपूर. परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्याची फसगत इथेच होते, कारण तिकडच्या नवशिक्याच्या हातात पहिलं कुलूप पिनवालं येतं आणि आपल्या हातात लिव्हरवालं. लिव्हर उघडता येत नाही असं अजिबात नाही. १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने चब कंपनीचं नावाजलेलं लिव्हर कुलूप उघडून इंग्लंडची झोप उडवली होती, आणि मग ब्रामा या दुसऱ्या कंपनीच्या कुलपावर १६ दिवसांत मिळून ५१ तास बसून तेही उघडलं. पण त्यासाठी हत्यारं वेगळी असतात, सुरुवातीला नको.

चावीच्या सपाट बाजूवर गोल खड्डे असतील तर डिंपल, त्यालाही वेगळे पिक लागतात, बाजूला ठेवा. ड्रॉवर, टपालपेटी, स्टीलच्या कपाटाची छोटी कुलपं बहुतेक वेफरची, त्यात पिनऐवजी पातळ पट्ट्या असतात, ती सोपी असतात आणि पिनच्याच हत्यारांनी चालतात. आणि जुन्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरातल्या वीतभर चावीच्या कुलपाच्या वाटेला तर जाऊच नका. ते मोडलं तर तसं परत मिळणार नाही.

सरावाचं कुलूप सेटच्या आधी आणा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगाव, फोंड्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात जा आणि 'दातेरी चावीचं पितळी कुलूप, ३० किंवा ४० मिमी' असं मागा. दुकानदार लिव्हरचं दाखवेल आणि 'हे जास्त मजबूत' म्हणेल, खरंच असेल, पण आपल्याला नको. त्याला पाच-सहा नग काढायला लावा आणि चाव्या शेजारी शेजारी धरून बघा. ज्या चावीचे दाते एकमेकांच्या जवळपास उंचीचे आहेत ते सोपं. ज्यात एकदम खोल खाच आणि लगेच शेजारी उंच दात आहे ते अवघड, कारण मागची पिन उचलताना पुढची मध्ये येते. एक सोपं आणि एक मध्यम घ्या. चावी बघून कुलूप निवडणारं गिऱ्हाईक दुकानदाराने पाहिलेलं नसतं, तेव्हा थोडं हसू सहन करा.

तिसरी वस्तू म्हणून साधा सिलिंडर घ्या, दरवाजात बसवतात तो, दातेरी चावीचा. हा सगळ्यात उपयोगी. मागची क्लिप काढून, चावीने प्लग जरासा फिरवून, त्याच जाडीची गुळगुळीत लाकडी दांडी मागे लावत लावत प्लग बाहेर ढकलला की वरच्या पिन, स्प्रिंग जागेवर राहतात आणि खालच्या पिन तुमच्या हातात येतात. मग परत बसवताना आधी एकच जोडी ठेवायची, ती जमली की दोन, मग तीन. हे काम खोल ताटात किंवा पंचावर करा, पंखा बंद करून. स्प्रिंग उडाली की सोफ्याखाली जाते आणि परत मिळत नाही, अनुभव आहे. सिलिंडर हातात धरून उघडणं त्रासाचं, म्हणून टेबलाला लावायचा छोटा व्हाइस घेतलात तर बरं.

पारदर्शक प्लास्टिकचं कुलूप? आत काय हलतं ते बघायला एक दिवस छान. त्याची भोकं इतकी सैल असतात की ते काहीही केलं तरी उघडतं, आणि बोटांऐवजी डोळ्यांची सवय लागते. फुकट आलं तर ठेवा, पैसे देऊ नका.

आता सेट: किती आणि कुठले

पिक म्हणजे शेतातलं पीक नव्हे हे घरच्यांना एकदा सांगून टाका, आमच्याकडे आई अजून विचारते.

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा तुकडा म्हणजे शॉर्ट हूक. हूक म्हटलं की मासे धरायची गरी डोळ्यासमोर येते, पण हा तसा वाकडा नसतो, सरळ पट्टीचं टोक फक्त जरासं वर उचललेलं. एकेक पिन शोधून उचलायला हाच. तुमचा बहुतेक वेळ याच्यासोबत जाणार, म्हणून शक्य असेल तर हाच हूक दोन नग घ्या, एक मोडणारच. दुसरा, त्याच्यापेक्षा थोडा उंच टोकाचा मीडियम हूक, त्या खोल खाचेवाल्या चाव्यांच्या कुलपांसाठी. तिसरा हाफ डायमंड, टोकाला छोटा त्रिकोण, वेफरला आणि कमी उंचीच्या पिनांना बरा. हा नसला तरी अडत नाही, माझं मत.

मग रेक, म्हणजे लाटालाटांची किंवा करवतीसारखी पट्टी, जी आत घालून मागेपुढे हलवायची आणि नशिबाने पिन बसतात. एक घ्या, फार तर दोन. तीन उंचवट्यांचा बोगोटा नावाचा प्रकार चांगला चालतो. स्वस्त कुलूप रेकने मिनिटात उघडतं आणि जाम मजा येते, पण त्यातून शिकायला फार कमी मिळतं, कारण काय झालं तेच कळत नाही. मी पहिला महिनाभर नुसता रेकच चालवत होतो, आणि मग पहिलं नीट बनवलेलं कुलूप हातात आलं तेव्हा शून्यापासून सुरुवात.

म्हणजे हिशेब काय, तीन हूक, एक हाफ डायमंड, एक-दोन रेक. बस. चोवीसच्या सेटमध्ये गोळे, दुहेरी गोळे, सापासारखी नक्षी, चावी मोडली तर काढायचे आकडे असं सगळं भरलेलं असतं, आकडा मोठा दिसावा म्हणून.

जाडी

यावर दुकानाच्या वर्णनात एक ओळ असते किंवा नसते. नसेल तर तो सेट घेऊच नका, विकणाऱ्यालाच माहीत नाही तर तुम्हाला काय कळणार. पिकची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. ०.०२५ इंच म्हणजे साधारण ०.६ मिमी, ०.०१८ म्हणजे जवळपास ०.४६ मिमी, आणि ०.०१५ म्हणजे ०.३८ मिमी. जाड पट्टी ताठ राहते, नवशिक्या जोर लावतो तेव्हा मोडत नाही. पातळ पट्टी अरुंद वाकड्यातिकड्या भोकात शिरते पण जरा चुकलं की वाकते.

तुमच्या कुलपाला काय लागेल ते घरीच बघता येतं. टू-व्हीलरच्या गॅरेजवाल्याकडे टॅपेटची फट मोजायचं फिलर गेज असतं, पातळ पात्यांची जुडी, प्रत्येकावर जाडी कोरलेली. त्यातलं ०.६ चं पातं चावीच्या भोकात कडेने आत जातं का आणि गेल्यावर वरखाली हलायला जागा राहते का ते बघा, कारण नुसतं आत जाऊन उपयोग नाही. हललं तर ०.०२५ चा सेट घ्या. अडकत असेल तर ०.०१८. शंका असेल तर हूक एक जाड, एक पातळ असे घ्या आणि बाकी जाड. ०.०१५ पहिल्या सेटमध्ये नको, महिन्याभरात वेटोळं करून ठेवाल.

जाडीसोबत पट्टीची उंची पण बघा, फोटोत तरी. टोकामागची दांडी फार उंच असेल तर मागची पिन उचलताना तीच दांडी पुढच्या पिनांना घासते आणि त्या नको तितक्या वर जातात.

टेन्शन रेंच, जिथे सगळे कंजुषी करतात

चोवीस तुकड्यांच्या माझ्या सेटमध्ये रेंच किती होते? तीन. तिन्ही सारखेच रुंद, तिन्ही पिचपिचीत. उलटं पाहिजे होतं. हूक दोन असले तरी चालतं, रेंच पाच-सहा हवेत, कारण तो त्या भोकात घट्ट बसला तरच पीळ नीट पोचतो, आणि प्रत्येक भोक वेगळं.

रेंच दोन पद्धतीने लावतात. खालून, म्हणजे चावीच्या भोकाच्या तळाशी, दातांच्या विरुद्ध बाजूला. हा एल आकाराचा पातळ पट्टीचा असतो, लावायला सोपा, पण जागा खातो, मग पिकला हलायला अडचण. दुसरा वरून, पिनांच्या बाजूने, भोकाच्या अगदी तोंडाशी. हा जाड आणि आखूड टोकाचा असतो, पहिल्या पिनपर्यंतसुद्धा जात नाही, त्यामुळे खालची सगळी जागा पिकला मोकळी. परदेशी लोक याला टॉक म्हणतात आणि खालच्याला बॉक. वरचा नेमक्या जाडीचा लागतो, साधारण ०.०३० ते ०.०५० इंच या दरम्यान, म्हणून त्यांचा चार-पाच मापांचा वेगळा गुच्छ मिळतो. तो घ्याच. सेटच्या किमतीत थोडी भर पडेल पण माझ्या मते अख्ख्या खरेदीत हाच पैसा सगळ्यात वसूल होतो. टोकाला बारीक दाते असलेले मिळाले तर ते घसरत नाहीत.

खालचे रेंच विकत घ्यायची गरजच नाही. पावसाळ्याआधी गॅरेजवाले गाड्यांचे वायपर बदलतात, त्या जुन्या वायपरच्या रबरात स्टीलची लांब पट्टी असते, दोन असतात खरं तर. मागून घ्या, कोणी पैसे घेत नाही. पक्कडीत धरून टोकाला एक सेंटीमीटरभर काटकोनात वाकवा, दुसऱ्या टोकाला वेगळ्या रुंदीला कानशीने घासा, झाला रेंच. वाकवताना एकदम झटका देऊ नका, तडकते.

आणि पीळ किती द्यायचा? मानकुराद पिकलाय का बघायला आपण अंगठा टेकवतो तेवढाच. मानकुराद, दगडी तोतापुरी नव्हे. नवशिक्याला न जमण्याची नव्वद कारणं सोडा, एकच कारण धरा, तो फार दाबतो. दाबलं की सगळ्या पिन एकदम अडकतात आणि पिकने जोर लावावा लागतो आणि मग पिक मोडतो आणि आपण स्टीलला शिव्या देतो. वाकणारा स्वस्त रेंच इथेच घात करतो, बोटाने दिलेला पीळ तोच खाऊन टाकतो आणि किती दिला ते कळत नाही.

स्टील आणि आपली हवा

परदेशी लोक या मुद्द्यावर दोन ओळी लिहून पुढे जातात, त्यांच्याकडे गोव्याचा पाऊस नाही. जास्त कार्बनचं स्प्रिंग स्टील बोटांना फीडबॅक झकास देतं पण गंजतं, आणि आपल्याकडे जूनमध्ये टेबलावर विसरलात तर लवकरच लाल ठिपके येतात. किनाऱ्याजवळ, मिरामार, कळंगुट, बेतालबाटी अशा ठिकाणी राहणाऱ्यांना खारी हवा बारा महिने. म्हणून पहिला सेट स्टेनलेसचाच घ्या. ३०१ ग्रेड कॉमन आहे, जरा लवचीक, मोडण्याऐवजी वाकतो. ४२० टणक केलेला असेल तर ताठ असतो. वर्णनात ग्रेड लिहिलेला असेल तर चांगली खूण.

घरी चुंबक लावून 'चिकटला, म्हणजे स्टेनलेस नाही' असं ठरवू नका. ४२० ला चुंबक चिकटतोच, आणि ३०१ सुद्धा थंड अवस्थेत दाबून पातळ केलेला असला की थोडा चिकटतो. त्यापेक्षा हूकचं टोक टेबलावर टेकवून हलकं वाकवा आणि सोडा. सरळ झाला तर ठीक. वाकलेलाच राहिला तर ती पत्र्याची पट्टी आहे, परत पाठवा.

ठेवायला रेक्झिन किंवा चामड्याचं पाकीट दिसतं छान पण पावसाळ्यात त्याला बुरशी येते आणि ओल आत धरून ठेवतं. मी जुन्या कंपास बॉक्समध्ये ठेवतो, नवीन बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून. काम झालं की कोरड्या फडक्याने पुसायचं, बोटांचा घामही खारटच.

कुलपात मात्र खोबरेल घालू नका. आपल्याकडे हात पहिला तिकडेच जातो. ते धूळ धरतं, चिकट होतं, आणि थंडीत तर गोठतं. शिसपेन्सिल चावीवर खसाखसा घासा आणि चावी आतबाहेर करा, पेन्सिलीतलं ग्राफाइट पुरतं.

हँडल

यावर लोक फार वाद घालतात. मऊ रबरी जाड हँडल हाताला बरं वाटतं पण पिनची ती बारीक 'टिक' रबरात मरते. नुसती धातूची पट्टी कळवते सगळं पण तासाभरात बोट दुखतं, आणि मे महिन्यात घामाने घसरते. मधलं घ्या, धातूच्या दांडीवर पातळ प्लास्टिकची साल किंवा कडक प्लास्टिक घट्ट बसवलेलं. सैल असेल, हलत असेल तर नको. नुसती पट्टी आली तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ओढून चढवा.

कुठून घ्यायचा, काय टाळायचं

नावाजलेले बनवणारे बाहेरचे आहेत, कॅनडाचे स्पॅरोज, अमेरिकेचे पीटरसन आणि साउथऑर्ड, जर्मनीचे मल्टिपिक. थेट मागवले तर शिपिंग आणि कस्टम्सची ड्युटी धरून हिशेब करा, कधी कधी वस्तूपेक्षा वरचाच खर्च जास्त. दोन-तीन जणांनी मिळून मागवलं तर परवडतं. भारतातल्या ऑनलाइन दुकानांत बिननावाचे सेट भरपूर, त्यातले काही खरंच ठीक असतात, पण जाडी, स्टील आणि एकेका तुकड्याचा जवळून फोटो या तीन गोष्टी बघितल्याशिवाय नाही. मोठ्या ब्रँडचं नाव आणि किंमत मात्र वडापावची, तर ती नक्कल समजा. बजेट दोन हजार असेल तर निम्मे कुलपांवर घाला.

पिक गन, बॅटरीवर चालणारं यंत्र, क्रेडिट कार्डसारखी चपटी पट्टी ज्यातून तुकडे मोडून काढायचे, चाकूसारखी घडी होणारी वस्तू, यातलं काहीच पहिल्या खरेदीत नको. गन कुलूप उघडेल पण तुम्हाला काही येणार नाही, आणि कार्डातले तुकडे इतके आखूड की धरायचे कुठे.

हाताने बनवायची हौस असेल तर हॅकसॉ ब्लेड घ्या, ते साधारण ०.६ मिमीच असतं. आधी दाते घासून काढा, मग आकार द्या. ग्राइंडरवर धरताना दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. रंग निळा झाला की त्या जागेचा पाणी दिलेला कडकपणा गेला, टोक मऊ पडलं. चष्मा लावा.

पार्सल आल्यावर

लगेच कुलपात घालू नका. स्वस्त पिक पत्र्यातून ठोकून कापलेले असतात आणि कडेला बर, म्हणजे कापताना उरलेली खरखरीत कोर राहते, ती पिनांवर खरखरते आणि खरखरीत खरी 'टिक' हरवते. कापसाचा बोळा टोकापासून दांडीपर्यंत फिरवा, तंतू अडकला तिथे बर. वॉटर पेपर घ्या, ४०० नंबरने कडा मोडा, मग ८००, मग १२००, पाणी लावून. एका हूकला पंधरा मिनिटं लागतात आणि स्वस्त सेटचा जीव बदलतो. टोकाचा आकार घासून टाकू नका, फक्त कडा गोल करा.

मग एका पिनवर ठेवलेला सिलिंडर घ्या. रेंच वरून लावा, हूक आत पार मागे नेऊन हळू पुढे आणा, पिन सापडली की उचला. प्लग फिरला? आता रेंच काढून परत लावा आणि तेच डोळे मिटून, पन्नासएक वेळा. कंटाळवाणं आहे. मग दोन पिन, आणि कुठली आधी अडकते ते कागदावर लिहून ठेवा, परत केलंत तर तोच क्रम येतो की नाही बघा. येत असेल तर सेट ठीक आहे आणि बोटंही ठीक आहेत. दर वेळी वेगळा क्रम आला तर आधी पीळ कमी करा, तरी तेच झालं तर रेंच बदलून बघा, पिकला दोष शेवटी द्या.

पुढचे तुकडे कधी घ्यायचे? एखादं कुलूप अडवेल आणि ते का अडवतंय हे तुम्हाला सांगता येईल तेव्हा. हूक पोचत नाही म्हणून उंच हूक, भोक अरुंद म्हणून ०.०१८ चा. प्लग थोडा फिरून मध्येच लटकला आणि पुढे जाईना तर आत कमरेत बारीक झालेली स्पूल पिन असते, त्याला नवीन हत्यार लागत नाही, पीळ केसभर सैल सोडून तीच पिन परत उचलावी लागते.

मागच्या खोलीचं ते लिव्हरचं कुलूप अजून माझ्या टेबलावर आहे, बंदच. त्याच्यासाठी वायपरच्या पट्टीपेक्षा जाड तार वाकवून काहीतरी करतोय, चवथीपर्यंत जमलं तर बघू.